लूव्रमध्ये एक, बर्लिनमध्ये पाच

गेल्या अंकात या सदरात युरोपातल्या संग्रहालयांचा तीन ओळींचा तक्ता दिला होता : जर्मनी सुमारे ६,८००, इटली ४,९००, फ्रान्स १,२००. तळटिपा मुद्दामच गाळल्या होत्या. आकडे असे उघडे ठेवले की पत्रं येतात, आणि ती आलीच. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते आहे. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की जर्मनीतल्या एका छोट्या गावाच्या संग्रहालयात मी काही वर्षं नोकरी केली. तिकीटखिडकीवर बसण्यापासून ते सरकारदरबारची वार्षिक प्रश्नावली भरण्यापर्यंत सगळं तिथे केलं. आकडा कुठल्या टेबलावर तयार होतो ते पाहिलेलं असल्यामुळे लिहिताना जरा खवचटपणा होतो, तो सांभाळून घ्या.

प्रश्न : जर्मनीची लोकसंख्या फ्रान्सच्या फार तर सव्वापट. मग संग्रहालयं साडेपाचपट कशी? कलेच्या बाबतीत तर फ्रेंचांचं नाव मोठं. की हे सगळं नावापुरतंच? (एक निवृत्त गणित शिक्षक)

सर, तुमचा भागाकार बरोबर आहे. घोळ भागाकाराच्या आधीचा आहे.

फ्रान्सचे १,२०० म्हणजे सरकारी दर्जा मिळालेली संग्रहालयं. ४ जानेवारी २००२ च्या कायद्याने तिथे ‘म्यूझे द फ्रान्स’ असा दर्जा ठरवून दिला. तो हवा असेल तर संग्रहाची नोंदवही अद्ययावत हवी, दर दहा वर्षांनी एकूण एक वस्तू त्या नोंदवहीशी ताडून पाहायला हवी, आणि संग्रहाची जबाबदारी प्रशिक्षित माणसाकडे हवी. एखाद्या शेतकऱ्याने गोठ्यात मांडलेले जुने नांगर बघायला कितीही लोक येवोत, या यादीत तो गोठा येत नाही.

जर्मनीत ‘संग्रहालय’ हे नाव कायद्याने राखीवच नाही. वाटेल त्याने पाटी लावावी. मोजायचं काम बर्लिनची संग्रहालय संशोधन संस्था करते. १९८१ पासून, सुरुवातीला अर्थातच फक्त पश्चिम जर्मनीत, ती दर वर्षी यादीतल्या प्रत्येक संग्रहालयाला प्रश्नावली पाठवते. यादीत येण्याचे निकष आहेत, पण सैलसर : स्वतःचा संग्रह असावा, तो लोकांसाठी खुला असावा, निव्वळ विक्रीचं दालन नसावं. अशा या यादीत चाळीस टक्क्यांहून जास्त संग्रहालयं स्थानिक इतिहासाची आणि लोकजीवनाची आहेत. म्हणजे आमच्यासारखी. रविवारी दुपारी दोन-तीन तास उघडी, किल्ली एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे, आत गावातल्या शेवटच्या चर्मकाराची हत्यारं आणि अग्निशमन दलाचं शिरस्त्राण. मला या संग्रहालयांबद्दल अतोनात माया आहे. पण पॅरिसच्या अवाढव्य लूव्रच्या शेजारच्या ओळीत ‘एक’ म्हणून त्यांना बसवलं की आकडा विनोदी होतो.

तुम्ही गणिताचे आहात म्हणून आणखी एक गंमत. महासाथीच्या आधी जर्मन संग्रहालयांत वर्षाला ११ कोटींहून जास्त भेटी नोंदल्या जात होत्या. ६,८०० ने भागलं तर सरासरी सोळा हजारांच्या वर जाते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक जर्मन संग्रहालयांत वर्षभरात पाच हजारसुद्धा लोक येत नाहीत. फ्रान्सची सरासरी काढा, ती पन्नास हजारांपुढे जाते. त्यावरून ‘फ्रेंच संग्रहालयं तिप्पट लोकप्रिय’ असं लिहिणारे लेख मी वाचले आहेत. लहान संग्रहालयं यादीबाहेर ठेवली की कुठल्याही देशाची सरासरी वधारणारच.

इटलीचा हिशोब आणखी वेगळा. तिथली सांख्यिकी संस्था ‘इस्टॅट’ संग्रहालयं आणि ‘तत्सम’ स्थळं एकत्र मोजते. २०१८ च्या ४,९०८ मध्ये निखळ म्हणावीत अशी संग्रहालयं, कलादालनं आणि संग्रह ३,८८२ होते. बाकीच्यांत ६३० स्मारकं, ३२७ पुरातत्त्वीय स्थळं, आणि एखाद्या खोऱ्याचं किंवा परिसराचं जगणं जपणारी ६९ परिसर-संग्रहालयं. त्यामुळे रोमचं कोलोसियम, जिथे त्या वर्षी ७५ लाखांवर माणसं गेली, इटलीच्या आकड्यात आहे. पॅरिसची विजयकमान मात्र फ्रान्सच्या संग्रहालयांत नाही, कारण ती राष्ट्रीय स्मारकांच्या वेगळ्या खात्यात मोजली जाते. आणि व्हर्सायचा राजवाडा? तो आहे! लुई-फिलिप राजाने १८३७ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं, तेव्हापासून तो राजवाडाही आहे आणि संग्रहालयही.

एवढ्यावर तुमचं समाधान झालं नसेल तर एकाच देशात शिरा. ब्रिटनमध्ये संग्रहालयं किती? अधिकृत मानांकन मिळालेली सुमारे १,७००. व्यावसायिक संघटना अंदाजे २,५०० म्हणते. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९६० पासून कधी ना कधी चालू असलेली संग्रहालयं शोधायला घेतली, तेव्हा यादी ४,००० च्या पुढे गेली. त्यातली बरीच आता बंद आहेत, तरीही बाकीच्या दोन आकड्यांपेक्षा चालू असलेल्यांची संख्या जास्तच भरते. तीनही आकडे प्रामाणिक आहेत. फ्रान्सच्या १,२०० शेजारी बसवायचाच झाला तर १,७०० बसवा, जर्मनीच्या शेजारी बर्कबेकवाल्यांचा, चालू असलेल्यांचा.

प्रश्न : मग संग्रहालयं किती ते राहू द्या. युरोपात कुठल्या देशाचे लोक संग्रहालयांत सर्वांत जास्त जातात, एवढंच सांगा.

‘एवढंच’ हा शब्द वाचून हसू आलं.

सोपा वाटणारा रस्ता म्हणजे एकूण भेटींना लोकसंख्येने भागणं. या रस्त्याने एस्टोनिया दर वेळी वरच्या क्रमांकात येतं. लोकसंख्या तेरा लाख, महासाथीपूर्वी वर्षाला सुमारे पस्तीस लाख भेटी. म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येक एस्टोनियन माणूस वर्षातून अडीच-पावणेतीन वेळा संग्रहालयात. एस्टोनियाचं कौतुक करायला माझी ना नाही. तार्तू शहरात १ ऑक्टोबर २०१६ ला राष्ट्रीय संग्रहालयाची नवी इमारत उघडली, तीसुद्धा जुन्या सोव्हिएत लष्करी विमानतळाच्या धावपट्टीला जोडून. देशाने संग्रहालयांवर मन लावून खर्च केला आहे. पण राजधानी ताल्लिनच्या बंदरात उन्हाळाभर पर्यटकांची जहाजं लागतात, हेलसिंकीहून तर बोटींची रोजची ये-जा. त्या उतारूंच्या भेटी वरच्या पस्तीस लाखांत असतात, उतारू मात्र खालच्या तेरा लाखांत नसतात.

हाच भागाकार व्हॅटिकनला लावून पाहा. व्हॅटिकन संग्रहालयांत २०१९ मध्ये जवळपास ६९ लाख लोक गेले. राष्ट्राची लोकसंख्या हजाराच्या आत. म्हणजे दरडोई साडेसहा हजारांहून जास्त भेटी! पोपसकट सगळे दिवसाला अठरा-अठरा वेळा सिस्टिन चॅपेलमध्ये. व्हॅटिकनचं उदाहरण टोकाचं आहे हे मान्य, पण पॅरिसमध्येही तेच चाललेलं असतं, फक्त दिसत नाही. २०१८ मध्ये लूव्रला १ कोटी २ लाख लोक आले आणि त्यांतले तीन-चतुर्थांशाच्या आसपास परदेशी होते. ब्रिटिश सरकार ज्या १५ संग्रहालय-संस्थांना थेट निधी देतं, त्यांच्याकडे महासाथीपूर्वी वर्षाला सुमारे पाच कोटी भेटी व्हायच्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या परदेशी पाहुण्यांच्या. ते निदान वेगळं मोजतात तरी. पुष्कळ देशांत दारावर कोणी ‘कुठून आलात’ असं विचारतही नाही.

दुसरा रस्ता म्हणजे दार सोडून घरी जाऊन विचारणं. युरोपीय आयोगाच्या ‘युरोबॅरोमीटर’ पाहणीत २०१३ मध्ये लोकांना विचारलं होतं, की गेल्या बारा महिन्यांत निदान एकदा तरी संग्रहालयात किंवा कलादालनात गेलात का? युरोपीय संघात ३७ टक्के ‘हो’ म्हणाले. स्वीडनमध्ये ७६ टक्के, म्हणजे पहिला नंबर. २००७ च्या तशाच पाहणीत संघाचा आकडा ४१ टक्के होता. तुमच्या प्रश्नाचं यातल्या त्यात सरळ उत्तर हवं असेल तर ते ‘स्वीडन’ हे घ्या. इथे पर्यटक आपोआप गळतात. एक माणूस दहादा गेला तरी एकदाच मोजला जातो. तोटा असा, की बहुतेक देशांत हजारेक माणसांनाच विचारलेलं असतं आणि उत्तर त्यांच्या आठवणीवर चालतं. संग्रहालयात गेल्याचं सांगायला माणसाला आवडतं, ही अडचण वेगळीच. ‘गेल्या वर्षी गेलो होतो’ म्हणणाऱ्यांना नीट आठवायला लावलं तर ती भेट बऱ्याचदा तीन वर्षांपूर्वीची निघते.

आणि एक सावधगिरी. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, म्हणजे ‘युरोस्टॅट’च्या, उत्पन्न व राहणीमान पाहणीतही, उदाहरणार्थ २०१५ मध्ये, असाच प्रश्न होता, पण तो ‘सांस्कृतिक स्थळं’ एकत्र धरून : स्मारक, संग्रहालय, कलादालन, पुरातत्त्वीय स्थळ, काहीही. ते टक्के आणि युरोबॅरोमीटरचे टक्के शेजारी लावून ‘दोन वर्षांत उत्साह वाढला’ असं म्हणू नका. प्रश्नच बदललेला आहे.

प्रश्न : बर्लिनच्या संग्रहालय-बेटावर एकाच पासात दिवसभर फिरलो. मी एक पाहुणा की पाच?

पाचही ठिकाणी गेला असाल तर पाच. आल्टेस, नॉयेस, जुनी राष्ट्रीय चित्रशाळा, बोडे आणि पेर्गामॉन ही पाच स्वतंत्र संग्रहालयं आहेत. पहिलं १८३० मध्ये उघडलं, शेवटचं १९३० मध्ये. प्रत्येक दारावर पास तपासला जातो आणि प्रत्येक दार आपली भेट लिहितं. लूव्रमध्ये तुम्ही इजिप्तच्या ममींपासून ग्रीक पुतळे, इस्लामी कला आणि मोनालिसापर्यंत बर्लिनच्या बेटाइतकंच चालता, पण एकाच दाराने आत गेलात म्हणून एक. पायांना झालेला त्रास सारखाच. (पेर्गामॉन ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. तेव्हा तुम्ही त्यानंतर गेला असाल तर चारच.)

यात लबाडी कुणाचीच नाही. जर्मन अहवालात ‘भेटी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ‘माणसं’ असं नाही. बातमीत येईपर्यंत त्या भेटींची माणसं होतात. संग्रहालयांची रात्र हा प्रकारही तसाच. बर्लिनने तो १९९७ मध्ये सुरू केला आणि मग युरोपभर पसरला. एका तिकिटात मध्यरात्रीपर्यंत हिंडा. हौशी माणूस सात-आठ ठिकाणी डोकावतो आणि सात-आठ तक्त्यांत जातो.

आमच्या छोट्या संग्रहालयात प्रश्न शाळांच्या सहलींचा असायचा. तिकीट गटाचं, एकच. मुलं तीस, शिक्षक दोन. माझ्या आधीचे गृहस्थ फाडलेली तिकिटं मोजायचे, म्हणजे सहल एक. मी डोकी मोजायला लागले. त्या वर्षी आमच्या भेटी चांगल्याच वाढल्या आणि नगरपालिकेने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. मी खुलासा पाठवला, त्याला उत्तर आलं नाही.

प्रश्न : स्पेनच्या यादीत माद्रिदच्या प्राडो संग्रहालयापेक्षा तिथलंच रेइना सोफिया वर कसं? आम्ही दोन्हीकडे गेलो होतो, गर्दी प्राडोलाच जास्त होती.

तुमचे डोळे बरोबर आहेत. २०१९ मध्ये रेइना सोफियाने ४४ लाख भेटी जाहीर केल्या आणि प्राडो तीस लाखांहून थोडं पुढे होतं, तेही द्विशताब्दीच्या वर्षात. पण रेइना सोफियाची माद्रिदच्या रेतिरो बागेत दोन प्रदर्शनगृहं आहेत. त्यांतला १८८७ चा काचमहाल तर इतका देखणा, की बागेत फिरायला आलेला माणूस आत डोकावल्याशिवाय राहायचा नाही. प्रवेश विनामूल्य. त्या ४४ लाखांतल्या निम्म्याहून अधिक भेटी बागेतल्या होत्या. पिकासोचं ‘गेर्निका’ टांगलेल्या मुख्य इमारतीत त्याहून खूपच कमी. संग्रहालय हे लपवत नाही, स्वतःच्या निवेदनात फोड देतं. क्रमवारी लावणारे ती फोड टाकून देतात.

विनामूल्य दार आलं की मोजणी अवघड होतेच. तिकीट असेल तर तिकीट मोजता येतं. नसेल तर दारावर संवेदक बसवतात. तो उपाहारगृहात कॉफी प्यायला आलेल्यालाही मोजतो आणि पावसातून आडोशाला शिरलेल्यालाही. लंडनचं टेट मॉडर्न जुन्या वीजकेंद्रात आहे. त्याच्या प्रचंड टर्बाइन हॉलमधून एकही चित्र न बघता तुम्ही एका दाराने आत येऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडू शकता. रोमचं पँथिऑनही पाहा. ते चर्च आहे, आणि सरकारी स्थळांच्या यादीतही आहे. जुलै २०२३ पर्यंत तिथे तिकीट नव्हतं, इटलीच्या विनामूल्य स्थळांत ते कायम अग्रभागी असायचं. मग पाच युरोंचं तिकीट सुरू झालं. त्याआधीचा आणि नंतरचा आकडा एकाच आलेखात जोडणाऱ्याने मध्ये निदान एक तुटक रेघ तरी काढावी.

प्रश्न : प्राणिसंग्रहालयं यात धरतात का?

कुठे धरतात, कुठे नाही. स्टॉकहोमचं स्कान्सेन हे १८९१ साली सुरू झालेलं खुलं संग्रहालय आहे. तिथे जुनी घरं आहेत, काच फुंकणारे कारागीर आहेत, आणि अस्वलं, लांडगे, मूस हरणंही आहेत. वर्षाला दहा लाखांवर लोक येतात. त्यांतले घरांसाठी किती आणि अस्वलांसाठी किती, हे कोण ठरवणार? स्वीडिश आकडेवारीत ‘आवारात आलेले’ आणि ‘प्रत्यक्ष संग्रहालयाचा लाभ घेतलेले’ असे दोन रकाने असतात. ही पद्धत मला फार आवडते.

प्रश्न : विनामूल्य प्रवेशाने लोक खरंच वाढतात का? फुकट आणि सशुल्क देशांची तुलना करून सांगा.

देशादेशांत नको. एकाच देशाचा आधीचा आणि नंतरचा काळ बघा, तो भरवशाचा. याही बाबतीत स्वीडन उपयोगी पडतं, कारण तिथल्या सरकारांनी जणू आपल्यासाठी प्रयोगच करून ठेवला. समाजवादी लोकशाही पक्षाच्या सरकारने २००५ मध्ये सरकारी संग्रहालयं विनामूल्य केली, सरकार बदलल्यावर २००७ मध्ये पुन्हा तिकीट आलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बरीचशी पुन्हा विनामूल्य झाली. दार उघडलं की भेटी वाढतात, तिकीट आलं की घटतात, दोन्ही वेळा तेच दिसलं. पण ‘नवे लोक आले का’ हा खरा प्रश्न, आणि त्याला दारावरची मोजणी उत्तर देत नाही. आधीपासून येणारेच जास्त वेळा येत असतील. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय संग्रहालयं डिसेंबर २००१ पासून विनामूल्य आहेत. तिथल्या घरोघरच्या पाहणीत वर्षातून एकदा तरी संग्रहालयात गेलेल्या प्रौढांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि २०१८-१९ मध्ये ५० च्या घरात. म्हणजे माणसंही वाढली, पण सावकाश. त्याचं श्रेय निव्वळ फुकट दाराला देणं मला धाडसाचं वाटतं.

प्रश्न : महाविद्यालयातल्या प्रकल्पासाठी पाच देशांचा तुलनात्मक तक्ता करायचा आहे. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी)

तुझ्यासाठी बहुतेक काम आधीच झालेलं आहे. २००२ पासून ‘एगमस’ नावाचा युरोपीय संग्रहालय-आकडेवारी गट आहे. देशोदेशीच्या सांख्यिकी कार्यालयांतली आणि सांस्कृतिक खात्यांतली माणसं त्यात एकत्र बसून एक सामायिक तक्ता चालवतात. तो उघड, पण कुठल्याही आकड्याला हात लावण्याआधी वर्षाचा रकाना बघ. प्रत्येक देशाने आपला उपलब्ध असलेला ताजा आकडा दिलेला असतो, आणि एकाचं ‘ताजं’ दुसऱ्याच्या चार वर्षं आधीचं असू शकतं. मधे महासाथ आली असेल तर संपलंच : लूव्रला २०१८ मध्ये १ कोटी २ लाख, २०२० मध्ये २७ लाख.

मी असते तर पाचही देशांसाठी २०१८ धरलं असतं. जर्मनी दर वर्षी मोजतं, इटलीचा त्या वर्षाचा पूर्ण अहवाल आहे, स्पेनची पाहणी दोन वर्षांतून एकदा सम वर्षी होते म्हणून तीही सापडेल, आणि महासाथ अजून लांब होती. २०१९ घेतलंस तर स्पेनचा रकाना रिकामा राहील.

देशाच्या नावापुढे पहिला रकाना आकड्याचा नको. तिथे ‘यादीत कोण’ हे लिही : दर्जा मिळालेली, नाव लावलेली, की स्मारकांसकट. दुसऱ्यात भेटी की माणसं. तिसऱ्यात आकडा कोणाचा, कारण इटलीत फक्त सरकारी संग्रहालयांचा विचार केला तर २०१८ ला साडेपाच कोटी भेटी निघतात आणि इस्टॅटच्या सगळ्या मिळून १२ कोटी ८० लाख. दोन्ही ‘इटलीचा आकडा’ म्हणूनच छापले जातात. त्यानंतर आकडा लिही. संग्रहालयांच्या आकडेवारीसाठी २०१६ चं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, क्रमांक १८४६१. काय मोजायचं आणि कशाला काय म्हणायचं हे त्यात ठरवून दिलं आहे. रकान्यांची नावं तिथून उचल, मार्गदर्शकही खूश होतील.

पाच देशांची क्रमवारी लावायला सांगितली असेल, तर मार्गदर्शकांना आधीच विचारून घे की क्रमवारीऐवजी दोन गट चालतील का : स्मारकं धरणारे आणि न धरणारे. ते नाहीच म्हणाले, तर क्रमवारी लाव, पण ती २०१३ च्या युरोबॅरोमीटरवर लाव. तिथे निदान पाचही देशांना प्रश्न एकच विचारलेला आहे.